प्रवेशपरीक्षेच्या गुणांचे मोल



ज्या शिक्षकांच्या पुण्यस्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आयुष्यातील उमेदीची वर्षे या वसई तालुक्यातील मुलांना रसायनशास्त्र शिकविण्यात वेचली, आणि त्यांच्या हाताखालून गेलेले कित्येक विद्यार्थी आज औषधांच्या कारखान्यांत, प्रयोगशाळांत आणि दुकानांत मानाने काम करीत आहेत. तेव्हा त्यांच्या नावे चार शब्द बोलण्याचा मान मला मिळाला, त्या वेळी विषयाच्या निवडीसाठी मला दूर जावे लागले नाही. औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळविताना सामाईक प्रवेशपरीक्षेतील गुणांचे मोल नेमके किती, हा आजचा विषय आहे. तो वरकरणी रुक्ष वाटेल. परंतु बारावीचा निकाल लागल्यापासून गणपती बसेपर्यंत नायगावपासून विरारपर्यंत कितीतरी घरांत रात्रीच्या जेवणाच्या वेळी हाच विषय निघतो, आणि ज्या प्रश्नाने आईबापांची झोप उडते तो प्रश्न रुक्ष म्हणून बाजूला सारण्याचा अधिकार शिक्षकाला नाही.

माझे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. हे गुण विद्यार्थ्यांची रांग लावतात. ते काम ते पुष्कळ अंशी न्याय्य रीतीने करतात, आणि त्यांच्यामागचा इतिहास पाहिला म्हणजे ते काम लहान नव्हे हेही पटते. परंतु रांगेतील क्रमांक म्हणजेच मुलाच्या योग्यतेचा निवाडा असे आपण मानू लागलो आहोत, आणि त्या निवाड्याच्या आड महाविद्यालयाच्या योग्यतेची चौकशी करण्याचे आपले स्वतःचे कर्तव्य दडवू लागलो आहोत, ही माझी तक्रार आहे.

प्रथम हा गुण तयार कसा होतो ते पाहू, कारण ज्याच्या नावाने एवढा घोर लागतो त्याची घडण फार थोड्या पालकांना ठाऊक असते. एमएचटी-सीईटी ही परीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे. त्यापुढे गणित घेणाऱ्यास ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, आणि जीवशास्त्र घेणाऱ्यास १०० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे. म्हणजे दोन्ही गटांची बेरीज २००. अकरावीच्या अभ्यासक्रमास साधारण २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमास ८० टक्के वजन असते. चुकलेल्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. २०१९ पासून परीक्षा संगणकावर होऊ लागली, उमेदवार अनेक दिवसांच्या अनेक सत्रांत विभागले गेले, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी झाली. आणि एका सत्राची प्रश्नपत्रिका सोपी व दुसऱ्याची अवघड निघाल्यास अन्याय होऊ नये म्हणून मूळ गुणांऐवजी पर्सेंटाइल देण्याची पद्धत आली.

पर्सेंटाइल म्हणजे शेकडा गुण नव्हेत, हे मला पालकांना दरवर्षी नव्याने समजावून सांगावे लागते. समजा, एका सत्रात २०,००० उमेदवार बसले आणि त्यांपैकी १८,५०० जणांना एखाद्या मुलीइतके किंवा तिच्याहून कमी गुण मिळाले, तर तिचा पर्सेंटाइल ९२.५ होतो, तिने २०० पैकी किती गुण मिळविले हे त्या आकड्यावरून मुळीच कळत नाही. गुणपत्रकावर हाच आकडा दशांशचिन्हापुढे सात स्थळांपर्यंत छापलेला असतो. ती सात स्थळे पाहून सोन्याच्या काट्याने तोलल्याचा भास होतो. वास्तविक आपल्या या सत्रात एका उमेदवाराचे अंतर म्हणजे ०.००५ इतके भरते, आणि त्याखालची स्थळे निव्वळ भागाकारातून उपजलेली असतात. उलटपक्षी, मधल्या पट्टीत एकेका गुणावर शेकडो मुले दाटीने उभी असतात, म्हणून तेथे एका प्रश्नाचे उत्तर बरोबर आले वा चुकले की पर्सेंटाइल एकदम खाली-वर होतो आणि गुणवत्ता-यादीतील क्रमांक शेकड्यांनी सरकतो. त्या एका प्रश्नात मुलीच्या बुद्धीचा, परिश्रमाचा किंवा स्वभावाचा असा कोणता भाग उघड झाला? परीक्षकाला रांग लावावयाची आहे, म्हणून कोणीतरी पुढे आणि कोणीतरी मागे उभे राहणे अपरिहार्य आहे, यापलीकडे त्याचे उत्तर नाही.

औषधनिर्माणशास्त्राच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, त्याकडे फारसे लक्ष जात नाही. बी. फार्मला गणिताचा गटही चालतो आणि जीवशास्त्राचा गटही चालतो. ज्याने दोन्ही दिले असतील त्याचा जो पर्सेंटाइल सरस असेल तो धरतात. आणि मग सर्वांची एकच यादी लागते. गणिताच्या गटात मुख्यतः अभियांत्रिकीकडे डोळे लावून बसलेली मुले असतात, जीवशास्त्राच्या गटात वैद्यकाच्या नीट परीक्षेची तयारी करून थकलेली मुले असतात. या दोन निराळ्या समुदायांतील ९० आणि ९० हे आकडे कागदावर समान दिसतात. ते वस्तुतः समान आहेत असे कोणत्याही सांख्यिकाने छातीवर हात ठेवून सांगू नये. तरीही यादी एकच लागते, कारण जागा त्याच आहेत. व्यवहाराला एवढी सवलत द्यावीच लागते, हे मी मान्य करतो. मात्र सवलत ही सवलत म्हणून ओळखावी.

आता हा गुण काय देतो ते पाहा. यादीच्या वरच्या टोकास त्याचे सामर्थ्य निर्विवाद आहे. माटुंग्याची १९३३ साली विद्यापीठाचा रसायन-तंत्रज्ञान विभाग म्हणून जन्मलेली आणि आता आयसीटी म्हणून ओळखली जाणारी संस्था, किंवा भारतीय औषधनिर्माण संघटनेच्या महाराष्ट्र शाखेने १९५७ मध्ये स्थापिलेले कलिन्याचे बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी, अशा ठिकाणी जागा मोजक्या आणि मागणारे अनेक. तेथे थोडक्या अंतराने मुलाचे सगळे पुढील आयुष्य निराळ्या रुळावर पडू शकते: निराळे अध्यापक, निराळी ग्रंथशाळा, निराळे सहाध्यायी आणि शेवटच्या वर्षी दाराशी येणारे निराळे कारखानदार. वसई-विरारच्या मुलाला आणखी एक गोष्ट मिळते. सकाळची चर्चगेट लोकल पकडून घरी राहूनच त्याला शिकता येते, आणि वसतिगृहाचा खर्च वाचतो. या टोकाला उभ्या असलेल्या मुलाला 'गुणांचे महत्त्व नसते' असे सांगणे ही त्याची वंचना होईल. त्याने अभ्यास करावा, झटून करावा.

परंतु यादीच्या खालच्या टोकाला जाऊन पाहिले म्हणजे चित्र अगदी पालटते. तेथे नियमाची अपेक्षा एवढीच की बारावीत विहित विषयांत खुल्या प्रवर्गास ४५ टक्के आणि महाराष्ट्रातील मागास प्रवर्गास ४० टक्के गुण असावेत, आणि सीईटीत शून्याहून अधिक गुण असावेत. चुकीला दंड नसलेल्या परीक्षेत, प्रत्येकी चार पर्यायांच्या २०० प्रश्नांना एखाद्याने डोळे मिटून उत्तरे दिली, तरी सरासरीने त्याच्या पदरात ५० गुण पडतील. तेव्हा शून्याहून अधिक ही अट म्हणजे परीक्षेस हजर राहिल्याची नोंद. आणि त्याच वेळी राज्यातील पदवी व पदविका मिळून हजारो जागा अलीकडे वर्षानुवर्षे रिकाम्या राहत आहेत. म्हणजे एकाच गुणाचा अर्थ वर एक आणि खाली दुसरा झाला: वर तो दार उघडतो किंवा बंद करतो, खाली दार सताड उघडेच असते, आणि आत काय आहे हे सांगणारा कोणी नसतो. पालक मात्र खालच्या टोकालाही त्याच भीतीने आणि त्याच कृतज्ञतेने उभा राहतो. 'एवढ्या गुणांत प्रवेश दिलात, उपकार झाले' असे म्हणून जोडलेले हात मी पाहिले आहेत. त्या महाविद्यालयाला त्या मुलाची जितकी निकड होती तितकी मुलाला महाविद्यालयाची नव्हती, हे त्या सरळ माणसाला कोणी सांगितले नव्हते.

येथवर मी गुणांच्या मर्यादा सांगितल्या. आता त्यांची बाजू मांडणे मला कर्तव्य वाटते, कारण ती विसरली तर आपण कृतघ्न ठरू. या देशात औषध देण्याच्या कामाला शिक्षण लागते हा विचारच फार जुना नाही. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने १९३०-३१ मध्ये बाजारातील भेसळ आणि अडाणी औषधविक्रेते यांचा प्रश्न सरकारपुढे ठेवला. १९३२ मध्ये महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात या विषयाच्या पदवीशिक्षणाचा पाया घातला. आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फार्मसी अधिनियम आला. त्या अधिनियमाने पहिली नोंदवही उघडताना, रुग्णालयात किंवा दवाखान्यात किमान पाच वर्षे औषधे तयार करून देणाऱ्या कंपाउंडरांनाही नोंदणीची वाट मोकळी ठेवली. ते योग्यच होते, कारण देशाला माणसे हवी होती आणि शिकलेली माणसे अत्यल्प होती. पुढे भारतीय फार्मसी परिषदेचे शिक्षणविषयक विनियम आले, आणि हाताने शिकलेल्यांची जागा हळूहळू वर्गात शिकलेल्यांनी घेतली.

वर्ग आले, तेव्हा वर्गात कोणाला बसवावे हा प्रश्न आला. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना मुभा मिळाली, आणि अल्पावधीत देणगीची कुप्रथा एवढी बोकाळली की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीला प्रतिबंध करणारा कायदा विधिमंडळाला करावा लागला. ज्याच्या घरी थैली होती किंवा ज्याची मंत्रालयात ओळख होती त्याचे मूल आत गेले. केळीच्या बागेत राबणाऱ्याचे, मिठागरावर पाय भाजून घेणाऱ्याचे, गिरणीतून घरी बसविलेल्या कामगाराचे मूल बाहेर राहिले. सर्वोच्च न्यायालयाचा टी. एम. ए. पै खटल्यातील २००२ चा निकाल आणि पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र शासन हा २००५ चा निकाल, या दोहोंनी संस्थांचे स्वातंत्र्य मान्य करतानाच प्रवेश न्याय्य, पारदर्शक आणि शोषणमुक्त असला पाहिजे असे बंधन घातले. आणि महाराष्ट्राच्या २०१५ च्या अधिनियमाने सामाईक परीक्षा, प्रवेश नियामक प्राधिकरण आणि शुल्क नियामक प्राधिकरण ही यंत्रणा उभी केली. यादीतील क्रमांकाला शिफारसपत्र लागत नाही. आडनाव विचारून तो पुढे-मागे होत नाही. नालासोपाऱ्याच्या चाळीतील मुलगी आणि जुहूच्या बंगल्यातील मुलगा एकाच यादीत, आपापल्या क्रमांकावर उभे राहतात. ज्यांनी देणगीचे दिवस पाहिले आहेत, त्यांना या गोष्टीची किंमत अधिक सांगावी लागणार नाही.

तरीही समान यादी म्हणजे समान वाट नव्हे. या परीक्षेत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतूनही उपलब्ध असतात; गणिताचे मात्र केवळ इंग्रजीतून असतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड येथील आश्रमशाळेत मराठीतून शिकलेल्या मुलाला गणित येत असूनही प्रश्न वाचण्यातच त्याचा वेळ जातो, आणि त्या परीक्षेत वेळ हाच गुण आहे. यंत्रणाही माणसांचीच असते. एप्रिल २०२५ मध्ये गणित गटाच्या एका सत्रातील प्रश्नपत्रिकेत गणिताच्या २१ प्रश्नांत चुका निघाल्या आणि सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा ५ मे रोजी घ्यावी लागली. कक्षाने चूक कबूल करून फेरपरीक्षा घेतली, हे योग्यच झाले. परंतु मन लावून एकदा दिलेली परीक्षा आठवड्याभरात पुन्हा देताना अठरा वर्षांच्या जीवाची जी ओढाताण होते, तिची नोंद कोणत्याच पर्सेंटाइलमध्ये होत नाही.

आता आपल्या मुलखाकडे येतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. त्याच्या आठ तालुक्यांपैकी वसई हा शहरी, दाट वस्तीचा. जव्हार-मोखाडा डोंगरातले, विरळ आणि बहुतांशी आदिवासी. बोईसरला लागून तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, आणि तेथील कित्येक कारखान्यांत औषधांची मूळ द्रव्ये तयार होतात. विरार पूर्वेला शिरगावात विवा संस्थेचे फार्मसी महाविद्यालय आहे, पालघरला सेंट जॉनचे आहे. पश्चिम रेल्वेने मुंबईकडे निघाले की विलेपार्ल्यापासून पुढे आणखी. म्हणजे शिक्षण आहे, कारखाने आहेत, दुकाने तर प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी आहेत. अशा ठिकाणी केवळ कट-ऑफ, म्हणजे शेवटच्या प्रवेशाचे गुण, पाहून महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरला जातो याचे मला दुःख होते. मागील वर्षीचा कट-ऑफ हा मागील वर्षीच्या मुलांच्या पसंतीचा हिशेब असतो. ज्या महाविद्यालयाचा कट-ऑफ खाली, त्याचे अध्यापन हीन असेलच असे नाही. ते कदाचित स्थानकापासून लांब असेल, कदाचित नवे असेल, कदाचित तेथपर्यंत बस धड जात नसेल. आणि ज्याचा कट-ऑफ वर, तेथे प्रयोगशाळेत मुलाच्या हाताला उपकरण लागेलच याचीही खात्री नाही.

म्हणून मी पालकांना सांगत आलो आहे की फॉर्म भरण्यापूर्वी एक दिवस खर्च करा आणि महाविद्यालय डोळ्यांनी पाहून या. औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत गोळ्या दाबण्याचे यंत्र आहे का, असल्यास ते चालते का, की त्यावर आच्छादन घालून तपासणीच्या दिवसासाठी ठेवले आहे. मागील वर्षी किती मुले पहिल्या सत्रात सर्व विषयांत उत्तीर्ण झाली. अध्यापकांच्या यादीतील नावे आणि वर्गात शिकविणारे चेहरे एकच आहेत का. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांना चहाला न्या आणि त्यांनाच विचारा. ही पाहणी आता अधिकच गरजेची झाली आहे. भारतीय फार्मसी परिषदेने नव्या महाविद्यालयांवर घातलेली पाच वर्षांची स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केली, कारण असे बंधन नुसत्या ठरावाने नव्हे, कायद्यानेच घालता येते. आणि त्यानंतर राज्यात नव्या महाविद्यालयांची एकच रीघ लागली. पुढे शासनालाच त्यांतील कित्येकांची तपासणी हाती घ्यावी लागली. मुलाची परीक्षा तीन तासांत आटोपते. महाविद्यालयाची परीक्षा घेण्यासाठी आपण एक दिवसही देत नाही.

पदविकेची वाट तर सीईटीच्या बाहेरूनच जाते, आणि तिच्याविषयी आपल्याकडे विनाकारण कमीपणा मानतात. डी. फार्मला प्रवेश बारावी विज्ञानाच्या गुणांवर मिळतो. दोन वर्षांचा अभ्यास, ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, आणि मग नोंदणी. पदविकेतील गुणांवर बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशही मिळतो. ज्या मुलाला त्या एका दिवशी परीक्षागृहात घाम फुटला, त्याला दोन वर्षे शांतपणे काम करून त्याच पदवीकडे जाण्याची ही राजमान्य वाट आहे. माझ्या परिचयाची नालासोपाऱ्याची एक मुलगी याच वाटेने गेली. तिचा सीईटीचा आकडा असा होता की घरी कोणी तो मोठ्याने उच्चारीत नसे. प्रशिक्षणाच्या काळात ती एका दुकानात उभी राहत असे, आणि एके संध्याकाळी मी काही कामासाठी तेथे गेलो असता समोर एक वृद्ध बाई सांधेदुखीची चिठ्ठी घेऊन आल्या. चिठ्ठीत मेथोट्रेक्झेट होते. ही गोळी संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घटतात आणि जीवावर बेतते. मुलीने पाकीट पुढे सरकविले नाही. "आजी, ही गोळी कधी घेता?" असे तिने विचारले. "रोज एक, जेवल्यावर," असे उत्तर आले. बाईंनी इतर गोळ्यांचीच सवय या गोळीलाही लावली होती. मुलीने मालकांना बोलाविले, डॉक्टरांना फोन लावविला, आजींच्या मुलाला बोलावून घेतले, आणि पाकिटावर मराठीत ठळक अक्षरांत 'फक्त रविवारी' असे लिहून दिले. दुकानात गर्दी होती, मागची माणसे घाई करीत होती. तिने घाई केली नाही.

औषध नियमावलीच्या ६५ व्या नियमात जो नोंदणीकृत फार्मासिस्ट अपेक्षिलेला आहे, तो मला त्या संध्याकाळी दिसला. दोनशे प्रश्नांच्या परीक्षेने हा गुण मोजावा अशी अपेक्षा मी करीत नाही. तो अठराव्या वर्षी कोणात पूर्ण तयार झालेलाही नसतो. तो शिकवावा लागतो. म्हणूनच माझा भर दारातून आत येण्याच्या परीक्षेपेक्षा बाहेर पडण्याच्या परीक्षेवर आहे. परिषदेच्या २०२२ च्या विनियमांनी पदविकाधारकांसाठी नोंदणीपूर्वी अशी निर्गमपरीक्षा विहित केली आहे, आणि तिचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. पदवीधरांना मात्र अशी कोणतीही परीक्षा नाही. चार वर्षांची पदवी हीच पुरेशी हमी आहे असे यामागे गृहीत असावे. परंतु ज्या पदवीच्या प्रवेशास खालच्या टोकाला शून्याहून अधिक गुण पुरतात, त्या पदवीलाही दुकानाच्या फळीमागे उभे राहण्यापूर्वी कसोटी लावावी असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पुन्हा प्रवेशाकडे वळतो. बारावीच्या गुणांना सीईटीइतकेच वजन द्यावे अशी घोषणा २०२२ मध्ये झाली होती, तिची अंमलबजावणी झाली नाही. त्या सूचनेमागील हेतू मला पटतो. आज बारावीचे वर्ग ओस पडतात आणि खासगी क्लासचे वर्ग भरतात. मंडळाच्या प्रयोगवहीत मुलाने स्वतः केलेला अनुमापनाचा एकही प्रयोग नसतो, आणि पुढे तोच मुलगा पदवीच्या पहिल्या वर्षी ब्युरेट हाती धरताना बिचकतो. तथापि मंडळ-मंडळांच्या गुणदानातील तफावत मिटविल्यावाचून हे वजन दिले तर एका अन्यायाच्या जागी दुसरा येईल, ही भीतीही खोटी नाही.

जाता जाता एका गोष्टीवर मी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण वसई-विरारमध्ये गुणांनी मिळणारी जागा अनेकदा कागदांनी जाते. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. परंतु तो लाभ केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून आलेल्या मुलींनाच मिळतो. संस्थास्तरावर भरल्या जाणाऱ्या २० टक्के जागांतून प्रवेश घेतला की माफी गेली. एखादे कागदपत्र वेळेवर नाही म्हणून मुलगी आपल्या प्रवर्गातून उचलली जाऊन खुल्या प्रवर्गात पडते, मिळणारी जागा हातची जाते, आणि घाबरलेला बाप मग संस्थास्तरावरची जागा पूर्ण शुल्क भरून घेतो. असे प्रसंग मी दरवर्षी पाहतो.

हे येथेच इतके का घडते, याला कारण आहे. या महानगरात राहणारी फार मोठी वस्ती सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सातारा, खानदेश येथून आलेली आहे. जातीचा दाखला ज्या गावी कुटुंब त्या प्रवर्गासाठी ठरविलेल्या मानीव दिनांकास राहत होते तेथील प्रांत कचेरीतून काढावा लागतो. तो दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे विरारच्या सदनिकेत जन्मलेल्या मुलीला पणजोबांचे नाव शोधीत कणकवलीच्या किंवा पाटणच्या शाळेचे दाखलखारीज रजिस्टर उलगडावे लागते. तेथे नसेल तर तहसील कचेरीतील जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, कोतवाल बुक, जुना फेरफार. मोडी वाचणारा कारकून मिळाला तर नशीब. त्यानंतर जात पडताळणी समिती, तिची हरकत, हरकतीचे उत्तर, पुन्हा सुनावणी. आणि उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला दर काही काळाने नव्याने. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात, पावसात, रजा टाकून हे सारे जमविणे कोणत्याही नोकरदार माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. पडताळणीच्या दरखास्तीची पावती जोडून तात्पुरता प्रवेश देण्याची मुभा शासन वेळोवेळी देते, पण मुदत संपेपर्यंत मूळ प्रमाणपत्र आले नाही तर ती मुभाही फुकट जाते.

या एका कामात आपण बसल्या जागी पुष्कळ करू शकतो. पडताळणीचा प्रस्ताव बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत पाठविता येतो. तेव्हा या तालुक्यातील कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीच्या दिवाळीच्या सुटीपूर्वीच विज्ञानशाखेच्या पालकांची सभा घ्यावी, मूळ गावी जाऊन कोणकोणत्या नोंदींच्या नकला काढावयाच्या त्याचा कागद हाती द्यावा, म्हणजे सुटीत गावी जाणारे कुटुंब परतताना त्या घेऊनच येईल. कोकणातील व घाटावरील गावांची जी मंडळे वसई-विरारमध्ये आहेत, त्यांनी आपापल्या तालुक्यातील शाळांशी आणि कचेऱ्यांशी पत्रव्यवहार करण्यासाठी एकेक जाणता माणूस नेमावा. निवृत्त तलाठी, निवृत्त मुख्याध्यापक अशी माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. आणि या व्याख्यानमालेच्या चालकांना माझी विनंती आहे की येत्या वर्षी व्याख्यानांच्या जोडीने एक रविवार या कामासाठी राखून ठेवावा. त्या दिवशी फॉर्म तपासण्यास बसावयास मी आनंदाने येईन.